हप्ता कुणाच्या नावावर?

अंबाजोगाई,
पितृपंधरवडा

चि. भाचीस,

आजोबांच्या पित्राला धारूरचे पाहुणे आले होते. कढी वाढून घेता घेता त्यांनी सहज विषय काढला, "भाची आयपॅड घेतीय म्हणं, हप्त्यावर. बापाचं आधार कार्ड घेऊन मोबाइलच्या दुकानात जाऊन आली." मामी हसली. मामाच्या घशाखाली मात्र पुढचा घास उतरला नाही. पाहुण्यांच्या तोंडची बातमी निम्मी खोटी असायची, हे मामाला कळतं. तरी पाहुणे एसटीत बसले तसा तो आपल्या फ्लेक्सच्या दुकानात येऊन हे पत्र लिहायला बसला. पंधरवड्यात फ्लेक्सला गिऱ्हाईक नसतं. ना उद्घाटन, ना शुभारंभ. फोन केला असता, पण फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणतेस आणि विषय संपवतेस.

तर पहिला प्रश्न हाच. हप्ता कुणाच्या नावावर?

दिवस कोणते चाललेत ते बघ. दसरा तोंडावर आलाय, ऊसतोडीचे मुकादम गावोगाव फिरू लागले असतील. त्यांची आगाऊ उचल कशी मोजतात ते तुला सांगायला नको. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. कुठल्या साली उचल फिटून हातात चार पैसे आले आणि कुठल्या साली बाकी पुढं ओढली गेली, हा ताई-दाजींचा हिशेब तुझ्या आजीला तोंडपाठ आहे. त्यात हा हप्ता दाजींच्या नावावर चढला, की ते यंदा उचल वाढवून मागणार. मुकादम देईलही. पण तो म्हणेल, मग दीड कोयता लावा. तो अर्धा कोयता कुणाच्या हातात येणार, हे कळण्याइतकी तू मोठी आहेस. बारावीचं वर्ष आहे तुझं.

तुझी बाजू मामाला माहीत नाही असं नाही. इन्स्टाग्रामवरचा जो तो प्रोक्रिएटवर चित्रं काढतो, मग आपण का नाही? सॉफ्टवेअर गुणी आहे, त्यात वाद नाही. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर होबार्ट नावाचं शहर आहे, तिथली सॅव्हेज इंटरॲक्टिव्ह ही कंपनी ते बनवते. २०११मध्ये ते बाजारात आलं. एकदा पैसे भरायचे आणि वापरायचं, महिन्याची वर्गणी नाही, ही त्यांची रीत अजून टिकून आहे. २०२४च्या ऑगस्टमध्ये त्यांचे प्रमुख जेम्स कुडा यांनी कॅमेऱ्यासमोर सांगून टाकलं, की चित्रं आपोआप बनवणारी एआय आम्ही आमच्या सॉफ्टवेअरमध्ये घालणार नाही. एआयनं काढलेले सहा बोटांचे महापुरुष फोनमध्ये घेऊन दुकानात येणारी गिऱ्हाइकं मामा रोज बघतो, त्यामुळं हा माणूस त्याला आवडला. पण प्रोक्रिएट चालतं फक्त ॲपलच्या यंत्रावर. म्हणजे सॉफ्टवेअर स्वस्त आणि ते चालवायचं यंत्र महाग, अशी गत.

शिवाय आयपॅडबरोबर पेन्सिल येत नाही, ती वेगळी घ्यावी लागते. तीत आणखी एक मेख आहे. २०२३च्या शेवटी जी यूएसबी-सीवाली स्वस्त ॲपल पेन्सिल निघाली, तिला हाताचा दाब कळत नाही. सीताफळाच्या पानाची शीर तू कुंचल्यानं काढतेस ती देठाशी जाड निघते आणि टोकाला केसासारखी होत जाते. तशी रेघ त्या पेन्सिलनं हाताच्या दाबावर निघत नाही. हलका हात ठेव नाही तर जड, तिला सगळं सारखंच. दाब ओळखणारी पेन्सिल हवी तर पैसे आणखी. दुकानात हे विचारलं होतंस का? की नुसतं आधार कार्ड दाखवून आलीस?

तू डेव्हिड हॉकनेचं नाव घेशील, म्हणून मामाच घेतो. या इंग्रज चित्रकारानं २०१०मध्ये आयपॅड हातात घेतला आणि २०२०च्या टाळेबंदीत फ्रान्समधल्या नॉर्मंडीत बसून घराभोवतीची झाडं, पाऊस, कळ्या सगळं त्याच्यावर काढलं. त्या चित्रांची ९० मीटर लांबीची पट्टी पुढं प्रदर्शनात मांडली गेली. मामाला ती बघताना आपली पासोडी आठवते. दासोपंतांनी इथंच, अंबाजोगाईत, सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर आपलं पंचीकरण लिहून काढलं. हॉकने आणि दासोपंत ही दोन नावं एका दमात घ्यायला मामाला मजा वाटते, एवढंच. पण हेही ध्यानात घे, की आयपॅड निघाला तेव्हा हॉकने ७२ वर्षांचा होता. त्याआधीची पन्नास वर्षं त्याची कागदावर आणि कॅनव्हासवर गेली होती. आणि त्याला हप्ता नव्हता.

आता तुझ्या चित्राकडे येतो. मोबाइलवर बोटानं काढलेलं कंकालेश्वर तू गणपतीत पाठवलंस ते मामानं जपून ठेवलंय. देऊळ तळ्यात उभं आहे आणि पाण्यातलं देऊळ किंचित हललंय. प्रतिबिंब उलटं करून चिकटवलेलं नाही, वेगळ्या लेअरवर नव्यानं काढलंय, हे मामानं ओळखलं. कारण वरच्या शिखरात तू जो एक दगड निसटलेला दाखवलास तो खालच्यात नाही. खरं तर ही चूक आहे. पण फार गोड चूक आहे, आणि आळशी पोरीच्या हातून ती होत नाही. मामी तर फोटोच समजली.

ते मोठं करून भिंतीवर लावावं म्हणून मामानं प्रिंटला घेतलं आणि तिथं माशी शिंकली. चौकोन निघाला १०८० पिक्सेलचा. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे तुझं अख्खं कंकालेश्वर साडेतीन इंचांत संपलं. ए-फोर कागद भरायला २४८० बाय ३५०८ पिक्सेल हवेत. नवं चित्र उघडताना पहिल्याच खिडकीत हा आकडा विचारतात आणि तू पुढं पुढं दाबत जातेस. मागाहून ताणून काही होत नाही, नुसता धुरळा दिसतो. रंगाचंही तसंच. पडदा उजेडानं रंग दाखवतो, छपाईयंत्र शाईनं. तळ्याला तू जो चमचमता हिरवा-निळा दिलास तो कागदावर शेवाळासारखा उतरला.

यात तू वापरतेस त्या आयबिस पेंटचा दोष नाही बरं का. जपानी कंपनीचं, २०११पासूनचं ॲप आहे. जाहिराती सोसल्या तर फुकट. थरथरती रेघ सावरणारा स्टॅबिलायझर त्यात आहे, आणि लेअरसकट पीएसडी फाईल बाहेर काढता येते. म्हणजे फोनवरचं चित्र उद्या संगणकावर उघडतं, आजवरची मेहनत पाण्यात जात नाही. सॉफ्टवेअर निवडताना मामा आधी हेच बघतो: आपलं चित्र त्यातून सुखरूप बाहेर काढता येतं की नाही. ब्रश किती आहेत हे त्यानंतर.

पुढची पायरी म्हणून मामाचं मत क्रिटाला. त्याची कहाणी ऐकण्यासारखी आहे. केडीई नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्या मंडळींनी १९९९मध्ये ते सुरू केलं, मग ते रखडलं, दोनदा नाव बदललं. नेदरलँड्सच्या बाउडेवाइन रेम्प्ट यांना स्वतःच्या कादंबरीसाठी एक नकाशा काढायचा होता आणि मनासारखं साधन मिळेना, म्हणून २००३मध्ये ते या कामात शिरले. नकाशाच्या निमित्तानं आलेला माणूस पुढं वीसेक वर्षं सॉफ्टवेअरच सांभाळत बसला. २०१४मध्ये त्यांनी लोकांसमोर झोळी धरली, १५,००० युरो मागितले. लोकांनी त्याहून जास्त टाकले. त्याच वर्षी फ्रान्सच्या डेव्हिड रेव्हॉयनं क्रिटावर 'पेपर अँड कॅरट' ही चित्रकथा काढायला घेतली. एका छोट्या चेटकिणीची आणि तिच्या मांजराची गोष्ट आहे. तो ती फुकट वाचू देतो आणि वाचकच वर्गणी काढून त्याचं घर चालवतात. तिची पानं नुसती बघ. प्रोक्रिएट नाही म्हणून चित्र अडलं, असं एकाही पानावर दिसणार नाही.

फुकट म्हटलं की तुला शंका येते, आणि ती यायलाच हवी. ऑटोडेस्कनं स्केचबुक २०१८मध्ये सगळ्यांना फुकट केलं. २०२१मध्ये ते वेगळ्या कंपनीकडे गेलं आणि संगणकावरच्या आवृत्तीला पुन्हा पैसे पडू लागले. क्रिटाचं फुकट वेगळं आहे. त्याचा परवाना जीपीएल, म्हणजे त्याची घडण सगळ्यांसमोर उघडी असते आणि उतरवून घेतलेली प्रत कुणी परत मागू शकत नाही. खोट सांगितली नाही तर मामा दलाल ठरेल, म्हणून तीही ऐक. क्रिटा तुझ्या मोबाइलवर चालणार नाही, त्याला संगणक हवा, नाहीतर मोठा अँड्रॉइड टॅब. अक्षरांच्या बाबतीत ते बरीच वर्षं कच्चं होतं, २०२३च्या ५.२ आवृत्तीत ती बाजू नव्यानं बांधली. मराठी अक्षरं मनासारखी बसवायची तर मामा अजूनही इंकस्केपकडे जातो. तेही फुकटच. फाँट मुंबईच्या एक टाइप या मंडळींचे घे, मुक्ता किंवा बलू. कुणाची परवानगी मागावी लागत नाही. आणि ऑटोसेव्हची वेळ कमी करून ठेव. तुमच्याकडे लाइट विचारून जात नाही.

कोरलड्रॉबद्दल विचारशील, कारण मामाचा संसार त्याच्यावर चाललाय. पण त्याचा उपयोग वेगळा. दहा बाय सहा फुटांचा बॅनर इंचाला ३००नं रंगवायचा म्हटलं तर ३६,००० बाय २१,६०० पिक्सेल होतात, नुसता एक लेअर तीन जीबीचा. दुकानातला संगणक तिथंच मान टाकेल. कोरलमध्ये रेघ गणितानं साठवलेली असते, म्हणून ती कितीही ताणता येते. अक्षरांच्याही अशा रेघा केल्या, की समोरच्याकडे तो फाँट नसला तरी बिघडत नाही, म्हणून फ्लेक्सवाले दिवसभर एकमेकांना "फाईल कर्व्ह करून पाठव" असं ओरडत असतात. अक्षरं, चौकटी, नेत्यांच्या नावाखालच्या पट्ट्या यांना ते उत्तम. तुझ्या तळ्याला नाही.

राहिलं फोटोशॉप. नॉल बंधूंचं हे सॉफ्टवेअर १९९०मध्ये आलं आणि जगानं डोक्यावर घेतलं. पण २०१३पासून ॲडोबीनं नवं फोटोशॉप फक्त वर्गणीवर द्यायला घेतलं. वर्गणी थांबली की दार बंद. ही वर्गणी उचलीची सख्खी बहीण आहे पोरी, हंगाम संपतो पण बाकी संपत नाही. ज्याला दरमहा काम मिळतं त्यानं ती जरूर भरावी. तुला अजून पहिलं काम मिळायचंय. आणि वर्गातला कुणीतरी पेनड्राइव्हवर क्रॅक आणून देतो म्हणाला असेल तर त्याला चहा पाजून घरी पाठव. हे पाहुण्यांनी सांगितलेलं नाही, मामाचा आपला संशय. चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरलं तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-बप्रमाणे कैद होऊ शकते. आणि व्हायरस शिरून सगळी चित्रं गेली तर ती कोर्टसुद्धा परत देत नाही.

म्हणून पुन्हा विचारतो, हप्ता कुणाच्या नावावर? तुझं वय अठराच्या आत, म्हणजे तुझ्या नावावर नसणारच. आजीच्या नावावर असेल तर अजून कठीण. हप्ता ज्या खात्यातून कापला जाईल, त्याच खात्यात तिचा निराधारचा पगार येतो.

आणि ज्या दारातून तुला आत जायचंय तिथं आयपॅड कुणी विचारत नाही. बीएफएची सीईटी असते त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्य ज्ञान. समोर मांडलेलं मडकं, कापड, दोन फळं कागदावर पेन्सिलनं उतरवायची, घड्याळाकडे बघत. इंटरमिजिएटला तुला ए ग्रेड आहे. हात चालतो तुझा. छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी चित्रकला कॉलेजात तुला जागा मिळावी, एवढंच मामाच्या डोक्यात घोळतंय.

ते का घोळतंय, हे ताईनं तुला कधी सांगितलं असेल-नसेल. ए ग्रेड मामालाही होती. चित्रकलेच्या सरांनी त्याच कॉलेजचा अर्ज स्वतःच्या पैशानं आणून दिला होता. त्या साली आजोबांची मागची बाकी फिटली नव्हती आणि मुकादमानं दीड कोयता मागितला. तो अर्धा कोयता मामा होता. अर्ज वहीत राहिला, वही माळ्यावर. फडावर संध्याकाळी टायरगाडीच्या फळीवर मामा खडूनं बैलाची शिंगं काढत बसायचा. मुकादमाला ती आवडली, म्हणून त्यानं सगळ्या गाड्यांवर नावं घालून घेतली, आणि तिथून मामाला 'पेंटर' हे नाव पडलं. पुढं पाट्या रंगवल्या, भिंती रंगवल्या, शाळांचे नकाशे काढले. फ्लेक्स आला तसा ब्रश ठेवून माउस धरला. पोट भरलं. घर झालं. तक्रार कशाची करायची? पण संभाजीनगरला मटेरियल आणायला गेला, की त्या कॉलेजच्या रस्त्यानं जायची रिक्षा तो अजून करत नाही. मामीलाही हे माहीत नाही. तू सांगू नकोस.

जास्तच बोलला मामा. वय झालं की असं होतं.

तर आता असं कर. दुकानातला जुना लॅपटॉप मामानं उघडून ठेवलाय. त्याची रॅम चारची आठ करतोय, जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवतोय, क्रिटा आणि इंकस्केप दोन्ही टाकून देतो. बरोबर एक पेन टॅबलेट येईल, पडदा नसलेला, तीन-चार हजारांतला. ह्युऑन किंवा एक्सपी-पेनचा बघतोय. या साध्या पाट्यांनासुद्धा दाबाच्या ८,१९२ पायऱ्या कळतात, तुझ्या पानाच्या शिरेला तेवढ्या पुष्कळ झाल्या. सुरुवातीला हात टेबलावर आणि नजर पडद्यावर असं होऊन तू वैतागशील. रोज अर्धा तास नुसत्या रेघा आणि गोल काढ, हात आपोआप वळणावर येतो. लाइट गेली तर तोच टॅबलेट ओटीजीच्या वायरनं फोनलाही लागतो. फक्त फोन उभा धरला, की पाटीचा थोडाच भाग कामाचा राहतो, त्याला घाबरून टॅबलेट बिघडला म्हणून फोन करू नकोस.

पैशांचं बोलायचं नाही. भाऊबीजेची ओवाळणी आगाऊ समज. ताईला साडी वेगळी मिळेलच, त्याशिवाय मामी मला घरात घेणार नाही. आणि ही उचल नाही, फेडायची नाही. कॉलेजात गेल्यावर, चार कामं मिळाल्यावर, आयपॅड काय अजून काय वाटेल ते स्वतःच्या नावावर घे. दुकानात बरोबर यायला मामा तयार आहे.

आणि पाहुण्यांचं खरं असेल, हप्ता घेऊन झाला असेल, तरी दडवू नकोस. खोकं फोडलं नसेल तर दुकानदाराशी मामा बोलेल, फोडलं असेल तर पहिले हप्ते मामा भरेल. दाजींच्या कानावर मात्र मुकादम दारात यायच्या आत घालू. तू सांगायला भीत असशील तर मामा सांगेल. दाजी चिडतील, अर्धा तास, मग चहा मागतील. मामा रागावणार नाही. रागवायचं तेवढं वर लिहून झालंय.

तो दसऱ्याला सगळं सामान घेऊन येतोय. तोवर कंकालेश्वर नव्यानं काढायला घे. ए-फोर, ३००. वरचा निसटलेला दगड तसाच राहू दे, पाण्यात काढायचा की नाही ते तू ठरव. सीईटी कुठल्या गावाला येते ते कळलं की कळव. आदल्या दिवशी मुक्कामाला मामी बरोबर येईन म्हणते, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी तिनं आत्ताच कबूल केलीय.

आजीला नमस्कार. ताईला सांग, गुडघ्याचं तेल संपत आलं असेल, तेही आणतो.

तुझा,
मामा